अनुशयाचे मोल

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. येथील, म्हणजे इंदूरच्या, मराठी मंडळींत ज्यांना सारे लहानथोर 'नाना' म्हणून ओळखतात ते एक वयोवृद्ध स्नेही एके सायंकाळी आमच्याकडे आले. हातात भिजलेली छत्री आणि कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवलेले एक पाकीट. नानांनी उभे आयुष्य शिक्षकाची नोकरी केली आणि उभे आयुष्य टपाल-तिकिटे जमविली. पत्नीच्या दीर्घ आजारानंतर संग्रहाचा काही भाग विकावा असे त्यांनी ठरविले आणि नातवाच्या साह्याने इंटरनेटवरून परदेशी गिऱ्हाइकांना ते तिकिटे विकू लागले. पाकिटातून एक तिकीट चिमट्याने काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवले व म्हणाले, "बघा बरे, हे खरे की खोटे?"

आम्हांला त्यातले काय कळणार! नानांनीच समजावून सांगितले. महात्माजींच्या निधनानंतर, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी भारताच्या टपाल खात्याने चार तिकिटांचा एक संच काढला: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली, आणि तिकिटांवर हिंदीत व उर्दूत 'बापू' ही अक्षरे घातली गेली. त्या काळी केवळ हौसेखातर एका तिकिटावर दहा रुपये घालविणारे थोडे. म्हणून त्या तिकिटाला पुढे मोल चढले, आणि मोल चढले म्हणून त्याच्या नकलाही निघाल्या. आमच्यापुढे होती ती अशीच एक नक्कल.

तिची कथा अशी. नानांनी हा संच अमेरिकेतील एका गृहस्थास सुमारे तीनशे डॉलरांना विकला. गृहस्थाने क्रेडिट कार्डाने पैसे भरले. पुडके पोचले, पोचल्याची नोंदही झाली. दोन महिने लोटल्यावर त्याने आपल्या बँकेस कळविले की, आलेला माल सांगितल्याप्रमाणे नाही, तिकीट बनावट आहे. नानांना त्याने एका अक्षराने विचारले नाही. बँकेने पैसे परत ओढून घेतले, नानांच्या माथी वर दंडवजा आकार बसला, आणि काही आठवड्यांनी 'माल' परत आला. त्यात तीन तिकिटे नानांची होती. चौथे, दहा रुपयांचे, नानांचे नव्हते. पाठविण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक तिकिटाचे मोठे छायाचित्र घेऊन ठेवले होते. मूळ तिकिटाच्या डाव्या कडेचा वरून तिसरा दाता आखूड होता. परत आलेल्या तिकिटाचे सारे दाते शाबूत होते. पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थ पेढीकडे दोन्ही छायाचित्रे धाडण्यात आली. चार ओळींचे उत्तर आले की, निर्णय खरेदीदाराच्या बाजूने झाला आहे.

एवढे सांगून नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसे गेले त्याचे काय, ते जातच असतात. पण तुम्ही लिहिणारी माणसे, म्हणून विचारतो. आपण काही वाईट केले असे त्या मनुष्याला स्वतःला वाटत असेल का हो?"

या प्रश्नाने आमचा पाठलाग सोडला नाही. आम्ही नानांचीच बाजू ऐकली आहे, आणि एकाच बाजूचे ऐकून निवाडा देणे न्यायाला धरून होत नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा त्या विशिष्ट गृहस्थाचा न्याय आम्ही करीत नाही. पण नानांनी सांगितले तसे वर्तन जगात घडते, पुष्कळ घडते, आणि ते करणारे बहुतेक जण स्वतःला चोर समजत नाहीत, हे निर्विवाद आहे. असे का व्हावे, हा खरा प्रश्न होय.

ज्या व्यवस्थेच्या आश्रयाने हे घडते ती वाईट नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. कार्डाने भरलेली रक्कम तक्रारीवरून विक्रेत्याकडून परत घेण्याच्या या पद्धतीस 'चार्जबॅक' म्हणतात. तिचा उगम ग्राहकाच्या खऱ्या हालअपेष्टांत आहे. कार्डे नवी होती तेव्हा हरवलेल्या कार्डावर चोराने केलेला खर्चही धन्याच्या बोकांडी बसत असे. अमेरिकेत १९७० साली कायदा होऊन अशा वेळी धन्याची जबाबदारी ५० डॉलरांवर जाऊ नये असे ठरले. पुढे १९७४ साली 'फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट' आला. हिशेबात चूक असेल, माल पोचला नसेल, तर हिशेबपत्रक निघाल्यापासून ६० दिवसांत ग्राहकाने लेखी तक्रार करावी. चौकशी चालू असता बँकेने ती रक्कम वसूल करू नये. आणि दोन हिशेबचक्रांत, फार तर ९० दिवसांत, तक्रारीचा निकाल लावावा, अशी त्यात तजवीज होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्येही ग्राहक-पतपुरवठ्याचा कायदा झाला आणि त्याच्या ७५ व्या कलमाने विक्रेत्याच्या लबाडीस बँकही ग्राहकापुढे उत्तरदायी ठरली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारास पासवर्डासारखी दुसरी खूण आवश्यक केली, आणि २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. एकटा ग्राहक एका बाजूस आणि मोठमोठ्या पेढ्या दुसऱ्या बाजूस असता, दुबळ्याच्या शब्दाला प्रथम मान द्यावा, हे तत्त्व या साऱ्यांच्या मुळाशी आहे. ते आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

परंतु त्या १९७४ च्या अमेरिकन कायद्यातील दोन अटी आज विचार करण्याजोग्या वाटतात. माल वाईट निघाला म्हणून कार्डाचे पैसे अडवून धरावयाचे, तर ग्राहकाने आधी विक्रेत्याशी सद्भावाने बोलून तंटा मिटविण्याचा प्रयत्न केलेला असला पाहिजे, ही पहिली अट. आणि खरेदी ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यात, किंवा त्याच्या घरापासून १०० मैलांच्या आत झालेली असावी, ही दुसरी. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कसले जग होते ते या अटींवरून दिसते. घेणारा आणि देणारा एका पंचक्रोशीतले नसले तरी एका मुलखातले आहेत, एकमेकांच्या दारात जाऊन उभे राहू शकतात, आणि बोलून न भागले तरच तिसऱ्याकडे जातात, असे ते जग होते. पुढे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्डसंस्थांनी आपापल्या नियमांनी हा हक्क जगभर पसरविला. तक्रारीची मुदत बहुतेक प्रकारांत १२० दिवसांपर्यंत गेली. शंभर मैलांचे कुंपण गेले ते योग्यच झाले. पण त्याबरोबर आधी बोलण्याची रीतही पातळ झाली. आज तक्रार म्हणजे पडद्यावरील यादीतून एक कारण निवडून बोट टेकणे. नानांचे तोंड पाहण्याची, त्यांचा आवाज ऐकण्याची, किंवा त्यांना एक ओळ लिहिण्याचीही त्या गृहस्थास गरज पडली नाही.

फसवणुकीचे येथे दोन प्रकार आहेत. एखादा चोर दुसऱ्याच्या कार्डाने नाणे वा तिकीट खरेदी करतो, आणि कार्डाचा खरा धनी तक्रार करतो. त्यात विक्रेता बुडतो, पण तक्रार खरी असते. दुसऱ्या प्रकारात कार्डाचा धनी स्वतःच खरेदी करतो, वस्तू घेतो, आणि 'मी घेतलीच नाही', 'मला पोचलीच नाही' किंवा 'सांगितली तशी नव्हती' यांपैकी एखादे असत्य बोलून पैसेही परत घेतो. व्यापारी जगात या दुसऱ्या प्रकाराला 'फ्रेंडली फ्रॉड' असे नाव पडले. चोर परका नाही, आपलेच गिऱ्हाईक आहे, एवढाच त्याचा अर्थ; पण 'स्नेहातली लबाडी' असा शब्द एकदा रूढ झाला की लबाडी अर्धी धुतली जाते. अलीकडे त्याच गोष्टीस 'फर्स्ट-पार्टी मिसयूज' म्हणू लागले आहेत. त्यात तर लबाडीही उरली नाही, केवळ 'गैरवापर' उरला. कृत्याला नाव देताना भाषा किती सौम्य होते, यावरून समाज त्या कृत्याकडे कोणत्या नजरेने पाहतो ते ओळखता येते.

संग्राह्य वस्तूंच्या व्यापारावर हा घाव विशेष खोल बसतो. जुनी नाणी, तिकिटे, खेळाडूंची चित्रपत्रे, पहिल्या आवृत्तीची पुस्तके या वस्तू आकाराने लहान, किमतीने मोठ्या आणि पुन्हा विकावयास सोप्या. शिवाय त्यांचे सारे मोल, वस्तू कोणती आहे यापेक्षा नेमकी कोणती प्रत आहे, यावर ठरते. कापडाचा तागा बदलून दुसरा दिला तर फार बिघडत नाही. एक दाता आखूड असलेले खरे तिकीट आणि सारे दाते शाबूत असलेले खोटे तिकीट यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर जाणकारालाच दिसते, आणि निवाडा करणारा जाणकार नसतो. बँकेतील ज्या कर्मचाऱ्याच्या पुढ्यात नानांची दोन छायाचित्रे गेली असतील, त्याला चार मिनिटांत काय उमगणार? त्याला आम्ही दोष देत नाही; आम्हांलाही ते तिकीट खोटे आहे हे नानांनीच सांगितले. वरच्या लवादाकडे जावे, तर तेथील आकार शेकडो डॉलरांचा. तीनशे डॉलरांच्या तंट्यासाठी कोण जाईल?

या व्यापाराने आपल्या परीने उपाय योजिले. अमेरिकेत नाण्यांची पारख करून ती बंद डबीत मोहोरबंद करून देणारी पीसीजीएस ही संस्था १९८६ साली निघाली, चित्रपत्रांसाठी पीएसए १९९१ साली निघाली. वस्तूवर क्रमांक पडला, म्हणजे 'ती हीच' असे म्हणता येऊ लागले. मग काही लबाडांनी डब्यांच्याही नकला केल्या. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून विक्रेत्यास आणखी एक साधन दिले. 'ही खरेदी मी केलीच नाही' असे गिऱ्हाईक म्हणत असेल, तर त्याच गिऱ्हाइकाने पूर्वी केलेले व तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवावे. त्यांतील संगणकाच्या वगैरे खुणा आताच्या खरेदीशी जुळल्या, तर विक्रेत्याचे म्हणणे ग्राह्य धरावे. मनुष्याचे पूर्ववर्तन हीच त्याची साक्ष, असा हा विचार आहे आणि तो शहाणपणाचा आहे. परंतु जो पहिल्यांदाच दारात आला त्याला पूर्ववर्तन कोठले? आणि तिकीट बदलून परत करणाऱ्यापुढे हे साधन काहीच कामाचे नाही.

उपायांची चर्चा येथे थांबवून नानांच्या प्रश्नाकडे वळू. हे करणाऱ्या मनुष्यास वाईट का वाटत नसावे?

त्याच्या मनात तीन समर्थने असतात असे आम्हांस वाटते. पहिले असे की, पैसे बँकेचे जातात. ही समजूत चुकीची आहे; कार्डधारकाची बँक क्वचितच काही सोसते. रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेतून येते आणि ती बँक व्यापाऱ्याच्या खात्यातून वळती करते. पण समजा, पैसे बँकेचेच गेले असते, तर ते कृत्य निर्दोष ठरले असते काय? ज्याला दुखले तो दिसत नाही, म्हणून कोणाला दुखलेच नाही, असे मानण्याची सवय मोठी घातक होय. सार्वजनिक बागेतील फुले तोडणारा, तिकिटावाचून आगगाडीने जाणारा आणि हा, तिघेही एकाच पाठशाळेत शिकलेले आहेत.

दुसरे समर्थन असे की, विक्रेते तरी कोठले साधू? हे मात्र सर्वस्वी खोटे नाही. संग्राह्य वस्तूंच्या बाजारात विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक कळते, आणि त्या ज्ञानाचा दुरुपयोग करणारे विक्रेते विपुल आहेत. नकली दहा रुपये पहिल्यांदा बाजारात आणले ते कोणा विक्रेत्यानेच. पण दुसऱ्या कोणी मला फसविले म्हणून मी नानांना फसवीन, यात न्याय कोठला? हा तर सूडही नव्हे. सूडाला निदान माणूस तरी नेमका लागतो.

तिसरे समर्थन सर्वांत सूक्ष्म आणि म्हणून सर्वांत धोक्याचे. तो म्हणतो, 'हा माझा हक्क आहे, कायद्यानेच दिलेला आहे.' हक्क आहे खरा. परंतु तो कशासाठी दिला? पुरावा गोळा करण्याचे बळ दुबळ्यापाशी नसते, म्हणून त्याचा शब्द हाच पुरावा मानावा, अशी ती सवलत आहे. म्हणजे समाजाने येथे एक उसनवारी केली आहे: तुम्ही खरे बोलाल या भरवशावर आधीच तुम्हांला विश्वास दिला आहे. जो या सवलतीच्या आडून खोटे बोलतो, तो नानांचे तीनशे डॉलर तर घेतोच, शिवाय पुढे खरोखरच नाडल्या जाणाऱ्या एखाद्या विधवेच्या, एखाद्या अशिक्षित ग्राहकाच्या शब्दाचे मोल थोडे कमी करून ठेवतो. दहा खोट्या तक्रारी वाचलेला कर्मचारी अकरावी खरी तक्रार वाचताना कपाळाला आठी घालतो. ही चोरी कोणत्याही हिशेबपत्रकात दिसत नाही.

येथवर विचार आला आणि आम्हांला आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांची आठवण झाली. त्यांनी लोकांच्या तंट्यांची अठरा व्यवहारपदे सांगितली. मनुस्मृतीत त्यांतील एकाचे नाव आहे 'क्रयविक्रयानुशय'. नारदस्मृतीत 'क्रीतानुशय' असे स्वतंत्र पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतलेली वस्तू नकोशी होणे, या मनुष्यस्वभावाला त्यांनी तंट्याचे एक रीतसर कारण म्हणून मान्यता दिली आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. मनूने खरेदी वा विक्री मोडण्यास दहा दिवस दिले. नारदाने अधिक बारकाईने सांगितले: घेतल्या दिवशीच वस्तू जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत मिळावी; दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा; तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट; त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. वस्तू पारखून घेण्याच्या मुदतीही ठरलेल्या होत्या. मोती, हिरे, पोवळी यांना सात दिवस. एक वस्तू दाखवून दुसरी सदोष वस्तू माथी मारणाऱ्या विक्रेत्याकडून दुप्पट किंमत आणि तेवढाच दंड घ्यावा असेही सांगितले होते. आणि विकलेली वस्तू दिलीच नाही, हे 'विक्रीयासंप्रदान' नावाचे अगदी वेगळे पद होते. जुने तेवढे सोने असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मुदतींच्या त्याच यादीत जनावरांच्या जोडीला दासदासी पारखण्याचीही मुदत आहे, ती वाचताना मान खाली जाते. परंतु पश्चात्ताप एका दालनात आणि तक्रार दुसऱ्या दालनात, ही त्यांची वाटणी मात्र शहाणपणाची होती.

आज झाले आहे ते असे की, पश्चात्तापाला पुष्कळ ठिकाणी दारच उरलेले नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने दूरच्या खरेदीस चौदा दिवसांची माघार दिली आहे. अमेरिकेत इंटरनेटवरील खरेदीस असा सर्वसाधारण हक्क नाही. लिलावाच्या भरात बोली वाढते, महिनाअखेरीस हिशेबपत्रक येते, घरात कुरबुर होते, आणि मनुष्याला वाटते की हे घेतले नसते तर बरे. येथवर तो केवळ दुबळा आहे, दुष्ट नाही. 'माझी चूक झाली, परत घ्याल का?' असे विचारावे तर लाज वाटते. कदाचित काही पैसे सोडावे लागतील, कदाचित नकारही येईल. आणि शेजारीच एक दार सताड उघडे असते, ज्यावर 'तक्रार' असे लिहिलेले आहे. तेथे लाज लागत नाही, तिसावा भागही सोडावा लागत नाही. फक्त एक असत्य बोलावे लागते, आणि तेही यादीत आधीच लिहून ठेवलेले असते. ज्या पश्चात्तापाला स्वतःच्या नावाने येता येत नाही, तो दुसऱ्याच्या अपराधाचा वेष घेऊन येतो. मग जो चुकला तो फिर्यादी होतो आणि जो चुकला नाही तो आरोपी.

ज्याने खोटे तिकीट पाकिटात घातले तो यापुढे गेलेला असतो हे खरे. पण तोही पहिल्याच दिवशी तेथे पोचला असेल असे आम्हांस वाटत नाही. पहिल्या वेळी 'पोचले नाही' असे म्हटले, कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या वेळी जीभ अडखळली नाही. तिसऱ्या वेळी चिमटा हातात आला. म्हणून नानांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: त्याला वाईट वाटत नसावे, कारण वाईट वाटण्याची जी पहिली वेळ होती ती त्याने तक्रार म्हणून नोंदवून टाकली. अनुशयाचे मोल जेव्हा किमतीचा तिसावा भाग होते तेव्हा ते त्याने दिले नाही. आता ते मोल फार वाढले आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग घेणाऱ्याऐवजी विकणाऱ्याचा शब्द प्रमाण मानावा. आम्ही तसे म्हणणार नाही. तसे केल्यास नकली तिकिटे विकणाऱ्यांचे फावेल आणि एका अन्यायाच्या जागी मोठा अन्याय येईल. सत्य कळत नसेल तेव्हा नुकसान कोणी सोसावे, या प्रश्नाला दुबळ्याने सोसू नये हेच उत्तर बरे. दुरुस्ती करावयाची ती तेवढ्यापुरती: पश्चात्तापाला त्याचे स्वतःचे, थोडे खर्चाचे पण सन्मानाचे दार द्यावे, आणि तिसऱ्याकडे जाण्यापूर्वी समोरच्याशी बोलण्याची ती १९७४ ची अट पुन्हा जिवंत करावी. विक्रेत्यांनीही 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी उतरवावी. तेवढ्याने लबाडी थांबणार नाही, पण दुबळेपणा आणि लबाडी यांच्यात पुन्हा एक उंबरठा येईल.

याच इंदूरच्या सराफ्यात एके काळी हुंड्यांचे व्यवहार चालत. शाहजोग हुंडीचे पैसे कोणा अनोळख्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शाहाच्या हातीच पडत, आणि काही खोटे निघाले तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर असे. जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचल्यावरच देय होई. म्हणजे घेणाऱ्याचे संरक्षण आपल्याला नवे नाही. नवे हे आहे की, मधला शाह आता माणसांना ओळखत नाही, फक्त आकड्यांना ओळखतो. त्याला दोन्ही बाजूंचा चेहरा नसतो, म्हणून दोन्ही बाजूंना त्याची भीडही नसते.

हे सारे आम्ही नानांना पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तो संग्राहकच असणार हो. इतकी चांगली नक्कल जवळ बाळगणारा दुसरा कोण? आता ते खरे तिकीट त्याच्या आल्बमात असेल. पण कोणी विचारले की हे कोठून मिळाले, तर तो काय सांगत असेल?" संग्रहाचे निम्मे सुख ती गोष्ट सांगण्यात असते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

नानांनी उरलेला संग्रह परदेशी विकणे बंद केले आहे. आधी पत्राने ओळख करून देईल त्यालाच, आणि देशातल्या देशातच, ते आता तिकिटे देतात. त्यात त्यांचे नुकसान होते, ते त्यांना ठाऊक आहे. दूर कोठे तरी एखादा शाळकरी मुलगा असेल, किंवा आपला देश सोडून गेलेला एखादा म्हातारा असेल, त्याने प्रामाणिकपणे पैसे साठवून नानांकडे दीड आण्याचे ते बापूंचे तिकीट मागितले, तर त्याला नकार जाईल. तो नकार कोणामुळे आला, हे त्याला कधी कळणार नाही; आणि ज्याच्यामुळे आला त्यालाही कळणार नाही.